मोकळ्या बाजूंचा ठोकळा

३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या वहिनीने ते टेबलावर पालथं ठेवलं आणि ती दवाखान्यात ड्यूटीवर निघून गेली. मी घरी आल्यावर चपला न काढताच वाचलं. फोन न करता पत्र लिहिलंस ते बरं केलंस. फोनवर आपण दोघं एकतर भांडतो, नाहीतर गप्प बसतो.

बंदरात क्रेनवर कायम झालास, राहायला दोन खोल्या मिळाल्या, आणि लग्नही केलंस. देव तुमचं भलं करो. हे मनापासून लिहितो आहे. लग्नाला बोलावलं नाहीस म्हणून मी रागावलेलो नाही. आमच्या घरात रागवायचं खातं दुसऱ्या माणसाकडे आहे.

पत्राच्या शेवटी दोन ओळींत लिहिलंस, की शाळेला सुट्टी लागली की येतो आणि बिट्टीला कायमची घेऊन जातो. तुझी मुलगी आहे, नाही म्हणणारा मी कोण. पण जरा धीराने घ्यावं असं वाटतं. तिच्या दातांना तार बसवायची आहे, त्यासाठी डॉक्टरांकडे वरचेवर जावं लागेल. शाळेत ती आत्ता कुठे रुळली आहे. शिवाय तिकडची हवा दमट, आणि तिचा खोकला तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी झाला नाही, पण त्याचा भरवसा नाही.

हे मी प्रयोगशाळेत बसून लिहितो आहे. रबर घट्ट होईपर्यंत मला वाट बघण्यापलीकडे काम नसतं. तू नेहमी विचारायचास, दादा तू त्या संस्थेत नक्की करतोस काय, आणि मी ‘रबर ओततो’ म्हटलं की हसायचास. अजूनही तेच करतो. दोन बाटल्यांतली द्रावणं मिसळायची, पंपाने त्यांतली हवा काढायची आणि काचेच्या पेटीत ओतायचं. अर्धी पेटी भरली की थांबायचं. वरचा थर बोटाला चिकटेल न चिकटेल असा झाला, की त्यावर चिमट्याने मणी मांडायचे आणि उरलेलं ओतायचं. लवकर मांडले तर मणी बुडतात, उशीर केला तर दोन थर एकजीव होत नाहीत. तयार झाल्यावर ते पाण्यासारखं स्वच्छ दिसतं आणि आत मणी अधांतरी उभे असतात.

त्यांतला एक मणी पोलादाचा, सायकलच्या चाकातल्या छर्ऱ्यासारखा. बाकीचे काचेचे. बाहेरून लोहचुंबक आणलं की छर्रा त्याच्याकडे सरकतो, अगदी केसभर. आता गंमत बघ. काचेला लोहचुंबकाशी काय देणंघेणं? तरी काचेचे मणीही सरकतात. कुणी कुणाला शिवलेलं नसतं. मधलं रबर ओढलं जातं आणि ते सगळ्यांना थोडंथोडं घेऊन जातं, जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी. छर्ऱ्याच्या वाटेत समोर असलेला मणी नुसता सरकतो. बाजूला असलेला सरकतो आणि जरा वळतोही. वळलेला कळावा म्हणून आमच्याकडे संशोधन करणाऱ्या मुलीने प्रत्येकावर शाईचा ठिपका दिला आहे. लोहचुंबक दूर नेलं की सगळे आपापल्या जागी परत. कोण किती हललं ते कॅमेऱ्याने टिपून मोजायचं, हे तिचं काम. तिचं नाव मी मनातल्या मनात ‘घाई’ ठेवलं आहे, कारण ती जिना कधी एकेक पायरीने चढत नाही.

बिट्टीला तुझं पत्र मी जेवताना वाचून दाखवलं. आम्ही दोघंही होतो. तिने ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाली आणि ताट उचलून गेली. चेहऱ्यावर काही हललं नाही. म्हणून म्हणतो, अजून तिची तयारी दिसत नाही.

— दादा

२५ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

उत्तर चढ्या आवाजात लिहिलं आहेस. एके ठिकाणी पेनाने कागद फाटला आहे. दात आणि खोकल्याच्या आड लपू नकोस, द्यायची नसेल तर सरळ तसं सांग, असं तुझं म्हणणं. तर ऐक. दातांना तार कुठेही बसते. खोकला गेला आहे. ही दोन्ही कारणं मी मागे घेतो.

तू लिहितोस की आम्ही तिला आपलीशी करून टाकली. केली नाही रे, झाली. तू तिला आणून ठेवलीस तेव्हा तिला उभं राहता येत होतं, बोलता येत नव्हतं. तिची आई गेल्यावर तुझी काय अवस्था होती ते मी पाहिलं आहे. त्यावरून तुला मी कधी बोललो नाही आणि बोलणारही नाही. आमच्या घरात तोवर काय नव्हतं, ते तूही पाहिलं होतंस.

मागच्या वेळची गोष्ट तू काढलीस म्हणून लिहितो. तू तिच्याएवढी बाहुली घेऊन आला होतास आणि ती दारामागून बाहेर येईना. तेव्हा तुझी वहिनी म्हणाली, पाहुण्यासारखं यायचं असेल तर येऊ नका भाऊजी. तू चहा तसाच ठेवून गेलास तो तीन वर्षं फिरकला नाहीस. तिचं बोलणं तिखट होतं, कबूल. पण तुझ्यामागे दार लावल्यावर ती स्वयंपाकघरात नळ सोडून कितीतरी वेळ उभी होती. भांडं एकही घासायचं नव्हतं.

बिट्टीला मी पुन्हा विचारलं. तुझ्या वहिनीसमोरच विचारलं, म्हणजे मागाहून कुणी काही म्हणायला नको. बाबांकडे जायचंय का तुला? तर म्हणाली, ‘‘तुम्ही म्हणाल तसं.’’ तुझ्या वहिनीने माझ्याकडे पाहिलं. झालं समाधान, असं ते पाहणं होतं. आता तूच सांग, यातून मी काय समजावं?

इकडेही गाडं अडलं आहे. गणिताने मणी जितके हलायला हवेत त्याच्या निम्मेही हलत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेच्या सरांना वाटलं लोहचुंबक कमजोर आहे, म्हणून मोठं मागवलं. ते आल्यावर छर्रा जरा जास्त सरकला, पण काचेचे मणी, त्यातही कडेचे, जागचे हलायला तयार नाहीत. घाईला वाटलं रबर कडक झालं. मी मऊ ओतून दिलं. पुन्हा तेच. सर मला म्हणाले, ‘‘तुमच्या हातून पेरलेले मणी आहेत, तुमच्यासारखेच. एकदा बसले की उठायचं नाव नाही.’’ सगळे हसले, मीही हसलो. घाई तेवढी हसली नाही. या मोजमापावर तिचं वर्ष अडून राहिलं आहे.

— दादा

१७ मार्च

प्रिय धाकट्या,

चूक सापडली. ती आधी सांगतो, कारण तिच्यामुळेच पुढचं लिहायची हिंमत होते आहे.

रबर पेटीला घट्ट धरून राहावं म्हणून ओतण्याआधी मी काचेला आतून चिकटा लावतो. ही आमच्याकडची पहिल्यापासूनची पद्धत. चिकटा नसला तर कोपऱ्यांतून रबर सुटतं, फटीत हवा शिरते आणि कॅमेऱ्यात डाग दिसतात. सरांनी सांगितलेलं, आणि मी ते नेमाने करत आलो. परवा शनिवारी घाईने पेटीच्या काचेवर तळहात ठेवून विचारलं, काका, हे आतून चिकटलेलं असतं का? मी म्हटलं, असणारच, दोन हात देतो मी. ती मटकन स्टुलावर बसली, मग उठून सरांना घेऊन आली. सरांनी कपाळाला हात लावला.

काच हलत नाही. तिला धरलेलं रबर हलत नाही. त्या रबराजवळचा मणीही मग हलत नाही. मणी काचेला शिवलेला नसतो, तरी काच त्याला धरून ठेवते. यांच्या गणितात पेटी नव्हतीच, चहूकडे नुसतं रबर धरलं होतं. पेटीचाही हिशोब मांडता येतो म्हणे, पण मग मोजण्याजोगी हालचालच उरत नाही. आम्ही इतके दिवस मण्यांनाच दोष देत होतो. आता साच्याला तेल लावून मोठा ठोकळा ओतायचा, साचा काढून टाकायचा आणि बाजू मोकळ्या ठेवायच्या, असं ठरलं.

हे झालं त्याच शनिवारी तुझ्या वहिनीची ड्यूटी होती, म्हणून बिट्टीला मी बरोबर आणलं. घाईने तिला मण्यांवर ठिपके द्यायला बसवलं. मी मांडणीच्या पलीकडे साचे धूत होतो. पंप चालू होता, त्यामुळे मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटलं असेल. पण त्या पंपाची मला इतकी सवय आहे की तोच तेवढा मला ऐकू येत नाही, बाकी सगळं येतं.

घाईने सहज विचारलं, सुट्टीत काय करणार? आणि आमची बिट्टी बोलायला लागली. बाबांकडे दोन खोल्या आहेत, एकीला गॅलरी आहे. गॅलरीतून बोटी दिसतात का ते पत्रात नाही, पण बंदर जवळ आहे म्हणजे दिसतच असतील. क्रेनवर चढायला शिडी असते की लिफ्ट, ते विचारायचं आहे. नवी आई कशी आहे माहीत नाही, पण पत्राखाली तिची सही आहे आणि ती छान वळणदार आहे. धाकट्या, ते पत्र मी तिला एकदाच वाचून दाखवलं होतं. पुढे ते कपाटात होतं. तिने ते किती वेळा काढून वाचलं असेल देव जाणे.

‘‘मग जायचंय तर तुला,’’ घाई म्हणाली.

‘‘बघायचंय. पण घरी म्हणता येत नाही. मी तसं काही म्हटलं ना, की मोठी आई गप्प होते आणि मोठे बाबा देवापुढे जाऊन बसतात.’’

मी हातात साचा धरून तसाच उभा राहिलो. माझं देवापुढे बसणं कुणाला असंही दिसत असेल, हे मला आजवर सुचलं नव्हतं. मी तर समजत होतो की त्या वेळी मी कुणाच्याच वाटेत नसतो.

तेव्हा माझं ऐक. सुट्टीची वाट बघू नकोस, चार दिवसांची रजा काढून ये. घेऊन जायला नको, नुसता ये. संस्थेत पाहुण्यांसाठी एक खोली आहे, तिथे तुझी सोय करतो. आमच्याकडे उतरू नकोस म्हणतो, त्याचा वाईट अर्थ घेऊ नकोस. शाळा सुटली की तिला घेऊन कुठेही जा, बागेत, नदीवर, नुसतं रस्त्यावर भटका. आम्ही बरोबर येणार नाही. आणि बाहुली आणू नकोस. ती अकरा वर्षांची झाली आहे.

— दादा

६ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘येतो’ एवढंच लिहिलं आहेस, पुरेसं आहे.

तुझ्या वहिनीला सांगायचं राहिलं होतं, ते काल सांगितलं. बिट्टी मैत्रिणीकडे गेली होती. जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं, माझ्या देवापुढे बसण्यासकट. पेटीचं आणि चिकट्याचंही सांगितलं. ती इस्त्री करत होती, मला वाटलं तिचं लक्ष नाही.

‘‘म्हणजे मी काच,’’ ती म्हणाली.

‘‘आपण दोघं.’’

‘‘आणि तिकडे गेल्यावर तिने तिथेच राहते म्हटलं तर?’’

‘‘तर राहील.’’

‘‘किती सहज बोलता हो तुम्ही.’’

सहज बोललो नव्हतो, पण वाद घातला नाही. ती म्हणाली, मी तिला जाऊ नको असं एकदाही म्हटलेलं नाही. खरं आहे ते. मीही म्हटलेलं नाही. आमच्या घरात तसं कुणालाच काही म्हणावं लागत नाही, हेच तर मला आता दिसायला लागलं होतं.

मग इस्त्री बंद करून तिने विचारलं, त्या पाहुण्यांच्या खोलीत चादरी कसल्या असतात? मी म्हटलं, बऱ्या असतात. तिला ते पटलं नाही. कपाटातल्या दोन चादरी काढून तिने माझ्या पिशवीत कोंबल्या. तुझ्या पलंगावर त्याच घातल्या आहेत. आल्यावर त्यांचा विषय काढू नकोस.

— दादा

१४ मे

प्रिय धाकट्या,

तुम्ही सुखरूप पोचलात हे बिट्टीने फोनवर सांगितलं. बोटी गॅलरीतून दिसत नाहीत, गच्चीतून दिसतात, हेही सांगितलं. स्टेशनवर तुझी वहिनी आली नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ती यायला निघाली होती, दारात पुन्हा चपला काढल्या. म्हणाली, माझा चेहरा बघून ती गाडीत चढायची नाही.

एप्रिलमध्ये तू चार दिवस राहून गेलास, त्यांत तुमचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. विचारलं नाही. न विचारणं हे रबर ओतण्याहून अवघड काम आहे. पहिल्या दिवशी ती तुझ्याबरोबर जाऊन आली आणि सरळ अभ्यासाला बसली. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आली. तिसऱ्या दिवशी हात धुताना आपणहून म्हणाली, बाबांना शीळच घालता येत नाही, नुसती हवा जाते, आणि हसत सुटली. तू गेलास त्या रात्री जेवताना तिने आम्हाला सांगितलं की सुट्टीत मी बाबांकडे जाणार आहे. ‘जाऊ का’ नाही, ‘जाणार आहे’. माझा घास हातात राहिला. तुझी वहिनी म्हणाली, मोठी बॅग घे मग, छोटीची चेन बिघडली आहे.

नवा ठोकळा साच्यातून निघाला. टिचकी मारली तर सगळा थरथरतो, मला तर हात लावायची भीती वाटत होती. लोहचुंबक आणलं आणि सगळे मणी हलले, अगदी दूरच्या कोपऱ्यातलासुद्धा. मोकळ्या बाजूजवळचा मणी तर कुणी अंदाज केला नव्हता इतका सरकला. घाईने सगळं पुन्हा पुन्हा मोजलं. गणिताशी जमलं. जिना उतरतानाही ती दोन-दोन पायऱ्या टाकत होती, सर वरून ओरडत होते की पडलीस तर पदवी कुणाला देऊ.

आता एक विनंती. सुट्टी संपत आली की बिट्टीला विचारावं लागेल, तिकडच्या शाळेत नाव घालायचं की इकडे परत यायचं. हे तू विचारू नकोस. मीही फोनवर विचारणार नाही. तुझ्यासमोर ती तुझ्या मनासारखं बोलेल आणि आमच्यासमोर आमच्या. पोर समजूतदार आहे, तिचा त्रास तोच आहे. भावजयीला, तुझ्या बायकोला, विचारू दे. तिचंही काही मन असेल, पण तिला दुखवायची भीती बिट्टीला अजून नाही. आणि तेव्हा तू घरात थांबू नकोस. क्रेनवर जाऊन बस.

जे उत्तर येईल ते मला मान्य आहे. हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. खोडलेलं नाही.

— दादा

१२ जून

प्रिय धाकट्या,

भावजयीचं पत्र आलं. सही खरंच वळणदार आहे.

तिने सगळं नीट लिहिलं आहे. गॅलरीत दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होत्या आणि तू कामावर होतास. तिने विचारल्यावर बिट्टीने एक टॉवेल चार वेळा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली. मग म्हणाली, या वर्षी इथे राहीन, सगळ्या सुट्ट्या तिकडे. आणि एक अट घातली. दोन्ही घरांत कुणी तिला ‘तुला कुठे जास्त आवडतं’ असं विचारायचं नाही. पाहुण्यांनीसुद्धा नाही. विचारलं तर ती उत्तर देणार नाही आणि ते उद्धटपणात धरायचं नाही. आमच्याकडून अट मान्य आहे. तूही पाळ. तुझी जीभ घसरते म्हणून सांगतो.

तुझ्या वहिनीला संध्याकाळी सांगावं असं आधी ठरवलं होतं, पण ते खिशात घेऊन दिवसभर काम करणं जमेना. दुपारी दवाखान्यात गेलो. ती तिथे रोग्यांना नंबर देते हे तुला माहीत आहे. टेबलासमोर गर्दी होती. मध्येच घुसणं बरं दिसेना, म्हणून मीही नंबर घेतला आणि बाकावर बसलो. माझी पाळी आली तेव्हा तिने वर न बघता विचारलं, काय होतंय? मी नंबराचा बिल्ला पुढे धरला. तेव्हा तिने वर पाहिलं.

‘‘राहतेय ना तिकडे?’’

मी मान हलवली. तिने माझ्या हातातला बिल्ला काढून घेतला, पुढच्या माणसाला नंबर दिला, त्याच्या पुढच्यालाही दिला. मग मला म्हणाली, ‘‘तिकडच्या शाळेला पहिली सुट्टी कधी लागते, ते विचारून घ्या.’’ तर ते कळव.

घरी आल्यावर मी सवयीने देवापुढे बसलो. मागण्यासारखं काही सुचलं नाही. तिच्या दातांच्या तारेचं तेवढं तिथे बघा, असं तुलाच सांगायचं होतं, ते देवाला सांगून झालं.

खाली कागद कोरा राहिला होता, तो तुझ्या वहिनीने मागून घेतला आहे. तिने जे लिहिलं आहे ते मी वाचलेलं नाही. तुझ्यासाठी नाही ते, तुझ्या बायकोला दे.

— दादा

तुला काय म्हणून हाक मारायची ते अजून ठरलेलं नाही, म्हणून नुसतंच लिहिते. सकाळी तिची वेणी घालशील तेव्हा फार घट्ट ओढू नकोस. ती सांगणार नाही, पण तिचं डोकं दुखतं. सैल घातली तरी संध्याकाळपर्यंत सुटत नाही. करून बघ.